वाकड्या पावलाची गोष्ट

गेल्या वर्षी शिक्षकांच्या एका शिबिरात आम्ही हाडे आणि सांधे या पाठाविषयी बोलत होतो. कार्यक्रम संपल्यावर एक बाई थांबल्या. त्यांच्या पहिलीच्या वर्गात एक मुलगा होता. त्याचे उजवे पाऊल आत वळलेले. तळवा जमिनीला टेकतच नाही, तो पावलाच्या बाहेरच्या कडेवर चालतो. तिथली कातडी घट्टे पडून जाड झाली आहे. चप्पल पायात राहत नाही. खेळाच्या तासाला तो झाडाखाली बसून असतो. घरी त्याची आजी सांगते, "पोटुशी असताना सुनेने ग्रहणात विळीवर भाजी चिरली, म्हणून हे असे झाले." त्या मुलाची आई यावर काहीच बोलत नाही.

बाईंचे प्रश्न दोन होते. हे खरोखर कशाने होते? आणि आता काही करता येईल का?

आम्ही तिथे थोडक्यात उत्तर दिले. पण या विकाराच्या उपचारांचा इतिहास सुमारे चोवीसशे वर्षांचा आहे आणि तो पाहिल्याशिवाय दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर नीट कळत नाही. म्हणून हा लेख.

पाऊल वळते म्हणजे काय?

खुर्चीवर बसून एक पाय सैल सोडा. आता बोटे खाली करा, तळवा दुसऱ्या पायाकडे वळवा आणि चवडा आत ओढा. पाऊल ज्या स्थितीत आले, साधारण त्याच स्थितीत काही मुलांचे पाऊल जन्मतःच असते. फरक एवढाच की आपण ते पुन्हा सरळ करू शकतो, त्या बाळाला ते करता येत नाही. टाचेमागची जाड कंडरा आखूड असते, त्यामुळे टाच वर ओढलेली राहते. पावलाच्या आतल्या बाजूचे अस्थिबंध, म्हणजे हाडाला हाड बांधणारे पट्टे, घट्ट आणि आखूड असतात. पावलाची कमान नेहमीपेक्षा खोल असते. इंग्रजीत याला क्लबफूट म्हणतात. क्लब म्हणजे सोटा. सोट्याच्या जाड टोकासारखे दिसणारे पाऊल, असा त्या शब्दाचा अर्थ. आपल्याकडचे डॉक्टरही हाच शब्द वापरतात.

साधारण हजार जन्मांमागे एका बाळाला हा विकार असतो. मुलींपेक्षा मुलांमध्ये तो सुमारे दुप्पट आढळतो. निम्म्या बाळांची दोन्ही पावले वळलेली असतात, निम्म्यांचे एकच.

आता ग्रहणाचा विचार करू. १९३९ साली जर्मनीत इडेलबर्गर यांनी जुळ्या भावंडांचा अभ्यास प्रसिद्ध केला. एकसारख्या जुळ्यांपैकी एकाला क्लबफूट असेल, तर दुसऱ्यालाही असण्याचे प्रमाण सुमारे ३३ टक्के होते. वेगवेगळ्या बीजांपासून झालेल्या जुळ्यांत ते जेमतेम ३ टक्के होते. हे आकडे वर्गात मांडून पाहण्यासारखे आहेत. आईचे वागणे, तिचा आहार, आकाशातले ग्रहण हे सगळे दोन्ही जुळ्यांना सारखेच. मग पावले वळण्याचे कारण ग्रहण असते, तर दुसऱ्या प्रकारच्या शंभर जोड्यांतली सत्त्याण्णव भावंडे सरळ पावलांची कशी? आणि निम्म्या बाळांचे एकच पाऊल वळते, ते का? अनुवंशाचा वाटा आहे एवढे या आकड्यांवरून दिसते. तो पूर्ण नाही हेही दिसते, कारण तसे असते तर एकसारख्या जुळ्यांचे प्रमाण शंभर टक्क्यांच्या जवळ गेले असते. २००८ साली एका कुटुंबात पायाच्या घडणीशी संबंधित 'पिट्क्स-१' या जनुकातला दोष सापडला. पण बहुतेक बाळांच्या बाबतीत एकच एक कारण दाखवता येत नाही. आईने काही केले म्हणून पाऊल वळले, असे म्हणायला मात्र कोणताही आधार नाही.

दोष कुणाच्या तरी माथी मारण्याची सवय जुनी आहे. महाभारतातल्या वनपर्वात अष्टावक्राची कथा आहे. गर्भात असताना त्याने वडिलांच्या पठणातली चूक दाखवली, म्हणून त्यांच्या शापाने तो आठ ठिकाणी वाकडा जन्मला. पुढे समंगा नदीत स्नान केल्यावर त्याचे अंग सरळ झाले. कथेत एका बुडीत जे घडले, ते प्रत्यक्षात घडवायला माणसाला फार वेळ लागला.

मेणाचे काम करणारे हात

क्लबफूटच्या उपचाराचे पहिले सविस्तर वर्णन ग्रीसमध्ये सापडते. इसवी सनापूर्वी ४०० च्या सुमारास लिहिलेला 'सांधे' या विषयावरचा ग्रंथ हिपोक्रेटिसच्या नावाने ओळखला जातो. त्यात म्हटले आहे, की असे बहुतेक पाय बरे होतात. मात्र उपचार शक्य तितक्या लवकर सुरू करावेत. वैद्याने मेणाची मूर्ती घडवणाऱ्यासारखे काम करावे, जोर करू नये, हळुवार दाब देऊन पाऊल योग्य दिशेला आणावे. मग मेणमिश्रित मलम लावून भरपूर पट्ट्या गुंडाळाव्यात आणि त्या ज्या दिशेला पाऊल वळवायचे त्याच दिशेने गुंडाळाव्यात. वरून शिशाचा छोटा बूट बांधावा. पाऊल सरळ झाल्यावरही ते पुन्हा वळू नये म्हणून विशिष्ट प्रकारचे पादत्राण घालत राहावे.

यातल्या चार गोष्टी लक्षात ठेवू: लवकर सुरुवात, हलका हात, टप्प्याटप्प्याने सुधारणा आणि शेवटी बूट. पुढच्या चोवीसशे वर्षांत या चारही गोष्टी पुन्हा पुन्हा विसरल्या गेल्या.

स्क्रू आणि स्प्रिंगा

मध्ययुगात हे काम हाडवैद्य, नाल ठोकणारे लोहार आणि हर्नियाचे पट्टे बनवणारे कारागीर करत. १६ व्या शतकात फ्रान्सचा शल्यवैद्य आंब्रुआझ पारे याने वाकड्या पावलांसाठी खास बूट वर्णिले. १७४१ मध्ये निकोला आंद्री या फ्रेंच वैद्याने मुलांच्या शरीरातील वाकडेपणावर पुस्तक लिहिले आणि त्याला नाव दिले 'ऑर्थोपेडी'. ग्रीक भाषेत ऑर्थोस म्हणजे सरळ आणि पायदिऑन म्हणजे मूल. हाडांच्या डॉक्टरला आपण ऑर्थोपेडिक म्हणतो, त्या शब्दात मूळचे 'मूल' आहे. पुस्तकातले एक चित्र अजूनही या शाखेचे बोधचिन्ह म्हणून वापरले जाते: वाकड्या रोपट्याला आधाराच्या खांबाशी दोरीने बांधले आहे.

१७८० मध्ये झां-आंद्रे व्हेनेल याने स्वित्झर्लंडमधील ऑर्ब गावी अशा मुलांसाठी पहिली संस्था काढली. पावलाला हळूहळू बाहेर वळवत नेणारा एक लाकडी बूट त्याने तयार केला होता. पुढच्याच वर्षी, १७८१ मध्ये, पेट्रस कांपर या डच शरीररचनाशास्त्रज्ञाने बुटांचा सर्वांत चांगला आकार कोणता, यावर निबंध लिहिला. घोडे, खेचरे आणि बैल यांच्या पायांची जेवढी काळजी घेतली जाते तेवढी माणसाच्या पायांची घेतली जात नाही, अशी त्याची तक्रार होती. ती योग्यच होती. त्या काळी युरोपात बहुतेक बूट एकाच सरळ फर्म्यावर बनत. डावा-उजवा असा भेद नसे. सरळ पावलांचीच ही स्थिती, मग वाकड्या पावलांना कोण विचारतो?

१८०३ मध्ये इटलीच्या अंतोनिओ स्कार्पा याने मृत बालकांच्या पावलांचे विच्छेदन करून महत्त्वाची गोष्ट दाखवली. नडगीच्या खाली टॅलस नावाचे हाड असते. क्लबफूटमध्ये ते फारसे जागा सोडत नाही. टाचेचे हाड आणि त्याच्या पुढची हाडे त्याच्याभोवती आत फिरलेली असतात. हे निरीक्षण अचूक होते. पण त्यावरून स्कार्पाने जो बूट बनवला, त्यात धातूच्या स्प्रिंगा होत्या आणि त्या पावलावर सतत जोर लावत. नेमका दाब कुठे द्यायचा हे यंत्राला कळत नाही.

या यंत्रांखाली मुलांचे काय होत असे, याची एक नोंद इंग्रज कवी बायरन याच्या चरित्रात आहे. १७८८ मध्ये जन्मलेल्या बायरनचे उजवे पाऊल जन्मापासून सदोष होते. दोष नेमका कोणता यावर अजून वाद आहे. १७९९ च्या सुमारास नॉटिंगहॅम येथे लॅव्हेंडर नावाचा पट्टे बनवणारा इसम त्याचे पाऊल जोराने पिळून लाकडी चौकटीत स्क्रूने घट्ट बसवत असे. त्याच वेळी रॉजर्स नावाचे शिक्षक मुलाला लॅटिन शिकवायला येत. इतक्या वेदनेत मुलगा शिकतो आहे हे पाहून त्यांना राहवेना. त्यांनी तसे म्हटले, तेव्हा आपल्या चेहऱ्यावर वेदना दिसणार नाही, तुम्ही काळजी करू नका, असे मुलाने त्यांना सांगितले. पाऊल काही सुधारले नाही. पुढे लंडनमध्ये त्याच्यासाठी खास बूट करवून घेतला गेला, पण तो त्याने कधी नेमाने घातला नाही.

सुरीचे टोक

पावलाला सर्वांत जास्त अडवते ती टाचेमागची कंडरा. ती कापली तर? १८१६ मध्ये फ्रान्समध्ये देलपेश याने ती कापली, पण जखम पिकली. जंतूंचे ज्ञान तेव्हा नव्हते. उघडी जखम म्हणजे पू, आणि पू म्हणजे कित्येकदा मृत्यू. १८३१ मध्ये जर्मनीतल्या हॅनोव्हर येथे स्ट्रोमेयर याने युक्ती काढली. त्याने कातडीला अगदी लहान छेद देऊन बारीक सुरी आत सरकवली आणि कंडरा कातडीखालीच कापली. हवा लागली नाही, जखम पिकली नाही, आणि काही आठवड्यांत कंडरेची टोके नव्या ऊतीने जोडली जाऊन ती पुरेशी लांब झाली.

लंडनचा तरुण डॉक्टर विल्यम लिटल याचे पाऊल लहानपणीच्या आजारात, बहुधा पोलिओने, वाकडे झाले होते. लंडनच्या शल्यवैद्यांनी त्याला शस्त्रक्रियेपासून परावृत्त केले होते. १८३६ मध्ये तो हॅनोव्हरला गेला आणि स्ट्रोमेयरकडून बरा झाला. मग तीच शस्त्रक्रिया तो शिकला, क्लबफूटवर प्रबंध लिहून त्याने डॉक्टरेट मिळवली आणि लंडनला परतून अशा रुग्णांसाठी रुग्णालय काढले. त्यातूनच पुढे रॉयल ऑर्थोपेडिक हॉस्पिटल उभे राहिले. स्वतः रुग्ण असल्यामुळे असेल, पण शस्त्रक्रियेनंतर पाऊल धरून ठेवणारे साधन किती महत्त्वाचे असते, हे लिटलला पक्के ठाऊक होते.

सगळ्यांना ते ठाऊक नव्हते. कंडरा कापणे ही युरोपात फॅशनच झाली. फ्लोबेर हा फ्रेंच कादंबरीकार एका शल्यवैद्याचा मुलगा होता. त्याच्या 'मादाम बोव्हारी' या १८५६ सालच्या कादंबरीत एक खेडेगावचा डॉक्टर कीर्तीच्या मोहाने खानावळीतल्या नोकराचे वाकडे पाऊल कापतो, वर लोखंड-लाकडाची पेटी घट्ट बसवतो, आणि शेवटी त्या नोकराचा पाय मांडीपासून तोडावा लागतो. शस्त्रक्रियेपूर्वी तो नोकर त्याच वाकड्या पावलावर दिवसभर धावून कामे करत असे.

१८४६ नंतर भूल देता येऊ लागली. १८६७ मध्ये लिस्टरने जंतुनाशक शस्त्रक्रियेची पद्धत मांडली. दोन्ही शोध मोठे आणि उपकारक. पण वाकड्या पावलांच्या बाबतीत त्यांचा एक अनपेक्षित परिणाम झाला. मूल ओरडत नाही आणि जखम पिकत नाही म्हटल्यावर शल्यवैद्यांची भीड चेपली. पाऊल पान्यासारख्या हत्याराने मुरगळून सरळ करणे, सगळे आखूड अस्थिबंध कापणे, हाडाचा तुकडा काढणे असे उपाय वाढत गेले. शस्त्रक्रियेनंतर टेबलावरचे पाऊल सरळ दिसे. छायाचित्र चांगले येई. ते मूल तीस वर्षांचे होईल तेव्हा कसे चालेल, हे पाहायला सहसा कुणी थांबत नसे.

घड्याळजीचा मुलगा

ते पाहायला थांबलेल्या माणसाचे नाव इग्नासिओ पोन्सेती. १९१४ मध्ये स्पेनच्या मेनोर्का बेटावर त्यांचा जन्म झाला. वडील घड्याळे दुरुस्त करत आणि मुलगा त्यांना मदत करी. १९३६ मध्ये बार्सिलोनात ते डॉक्टर झाले आणि लगेचच स्पेनचे यादवी युद्ध पेटले. प्रजासत्ताकाच्या बाजूने त्यांनी जखमींची मोडलेली हाडे प्लास्टरमध्ये बसवली. पराभवानंतर फ्रान्स, तिथून मेक्सिको, आणि १९४१ मध्ये अमेरिकेतील आयोवा विद्यापीठ.

तिथे त्यांच्याकडे पूर्वी शस्त्रक्रिया झालेले क्लबफूटचे रुग्ण तपासण्याचे काम आले. मोठी झालेली ती माणसे पाहून ते अस्वस्थ झाले. पावले ताठ, कमजोर आणि दुखरी होती. कापलेल्या जागी जाड व्रण तयार झाले होते. त्यांनी ठरवले की सुरी शक्यतो बाजूला ठेवून पावलाची हालचाल मुळातून समजून घ्यायची.

प्लास्टरने पाऊल सरळ करण्याचा प्रयत्न नवा नव्हता. अटलांटाचे डॉ. काइट वर्षानुवर्षे तो चिकाटीने करत होते. पण त्यांच्या पद्धतीत महिनेच्या महिने जात आणि सुधारणा अपुरी राही. चूक कुठे होती, ते पोन्सेतींनी दाखवले. काइट पावलाच्या बाहेरच्या कडेवर मध्यभागी अंगठा टेकवून चवडा बाहेर ढकलत. त्यामुळे टाचेचे हाड जागच्या जागी अडे. जात्याची वरची तळी मधल्या खुंट्याभोवती फिरते. खुंटा सोडून तळीलाच कुणी हात लावून धरला, तर ती फिरेल कशी? पावलातला खुंटा म्हणजे टॅलसचे हाड, स्कार्पाने १८०३ मध्ये ओळखलेले. पोन्सेतींनी अंगठा टॅलसच्या डोक्यावर टेकवला आणि सगळे पाऊल त्याच्याभोवती बाहेर फिरवले. टाचेचे हाड आपोआप सोबत आले.

हे शक्य होते, कारण तान्ह्या बाळाचे अस्थिबंध दोरखंडासारखे नसतात. त्यांतले कोलॅजेनचे तंतू नागमोडी असतात. हळुवार ताणले की लाटा उलगडतात आणि पट्टा थोडा लांबतो. त्या स्थितीत पाऊल पाच-सात दिवस प्लास्टरमध्ये ठेवले, की तंतूंत पुन्हा लाटा तयार होतात आणि पुन्हा थोडे ताणता येते. जोराने ओढले तर मात्र पट्टा फाटतो आणि तिथे ताठर व्रण तयार होतो. मेणाच्या मूर्तिकाराची उपमा किती नेमकी होती, ते सूक्ष्मदर्शकाखाली असे दिसून आले.

पोन्सेतींची पद्धत थोडक्यात अशी: जन्मानंतर पहिल्या काही आठवड्यांत सुरुवात करायची. दर आठवड्याला काही मिनिटे पाऊल हळुवार फिरवायचे आणि बोटांपासून मांडीपर्यंत प्लास्टर घालायचे. पाच-सहा प्लास्टरांत पाऊल बाहेर वळते. टाच अजून वर असेल, आणि दहांतल्या आठ-नऊ बाळांची ती असते, तर ती जागा बधिर करून टाचेची कंडरा कातडीखाली कापायची. ही स्ट्रोमेयरचीच शस्त्रक्रिया, आता काही मिनिटांची. मग तीन आठवडे शेवटचे प्लास्टर. त्यानंतर बूट.

ही पद्धत त्यांनी १९४८ पासून वापरली आणि १९६३ मध्ये प्रसिद्ध केली. जवळजवळ कुणी लक्ष दिले नाही. १९७० नंतर तर मोठ्या शस्त्रक्रियांना अधिकच जोर आला. वारे फिरले ते १९९५ मध्ये. कूपर आणि डीट्झ यांनी आयोवातले जुने रुग्ण तीस-बत्तीस वर्षांनी शोधून तपासले. ४५ जणांपैकी ७८ टक्के लोकांची पावले उत्तम किंवा चांगली काम देत होती. तुलनेसाठी घेतलेल्या, जन्मतः सरळ पावलांच्या लोकांत हे प्रमाण ८५ टक्के होते. पुढे मोठ्या शस्त्रक्रिया झालेल्यांचाही असाच दीर्घ मुदतीचा अभ्यास झाला. त्यांच्यात ताठरपणा, वेदना आणि संधिवात पुष्कळ आढळला. १९९६ मध्ये, वयाच्या ८२ व्या वर्षी, पोन्सेतींचे पुस्तक निघाले. त्यानंतर अमेरिकेतल्या पालकांनीच इंटरनेटवरून एकमेकांना ही पद्धत सांगितली आणि डॉक्टरांना ती शिकायला भाग पाडले. २००९ मध्ये पोन्सेती वारले, तोवर ती बहुतेक देशांत पोचली होती.

दांडीचे बूट

आता या कहाणीतला सर्वांत दुर्लक्षित भाग. पाऊल सरळ झाले म्हणजे विकार संपला असे नाही. ज्या कारणाने ते गर्भात वळले, तो ओढा पहिली काही वर्षे शिल्लक असतो. त्याला रोखण्यासाठी दोन बूट एका आडव्या दांडीच्या दोन टोकांना बसवतात. वळलेले पाऊल सुमारे ७० अंश बाहेर आणि चांगले पाऊल सुमारे ४० अंश बाहेर. पहिले तीन महिने दिवसाचे २३ तास, मग फक्त रात्री आणि दुपारच्या झोपेत, वयाच्या चौथ्या वर्षापर्यंत.

एकच पाऊल वाकडे असले तरी बूट दोन्ही पायांत का? नुसत्या एका बुटाने पाऊल बाहेर वळवून ठेवता येत नाही, कारण सगळा पायच आत फिरतो. त्याला फिरू न देण्यासाठी बाहेरचा आधार लागतो आणि तो दुसऱ्या पायाकडून दांडीमार्फत मिळतो. गुडघे मोकळे असल्याने बाळ लाथा मारू शकते, आणि त्या लाथांनीच पावलांना व्यायाम होतो. अशी दांडी लंडनच्या डेनिस ब्राउन यांनी १९३४ मध्ये वर्णिली होती. पोन्सेतींनी ती मिळवलेली सुधारणा टिकवण्यासाठी वापरली.

आयोवाचा अनुभव असा, की ज्या घरांत बूट नियमाने घातले गेले तिथे पाऊल पुन्हा वळण्याचे प्रमाण ६ टक्क्यांच्या आसपास राहिले. जिथे बूट सोडले गेले तिथे ते ८० टक्क्यांच्या वर गेले. पहिल्या रात्री बाळ रडते. शेजारणी हळहळतात. "पाय तर सरळ झाला, कशाला छळता पोराला?" असे कुणीतरी म्हणतेच. तिथे बूट सुटतो. २००४ सालच्या एका अमेरिकन अभ्यासात कमी शिकलेल्या पालकांच्या मुलांत पाऊल पुन्हा वळण्याचे प्रमाण जास्त आढळले. याचा अर्थ ते पालक निष्काळजी होते असा आम्ही घेत नाही. बूट कशासाठी, किती तास, किती वर्षे, हे त्यांना समजेल अशा भाषेत कुणी सांगितले नसावे, असाही त्याचा अर्थ निघतो.

बुटाची किंमत हीसुद्धा अडचण होतीच. ती युगांडात सुटली. मिखिल स्टेनबीक या डच तंत्रज्ञाने तिथल्या कार्यशाळेत साधे कातडे आणि लोखंडी सळई वापरून बूट बनवला. साध्या चांभारकामाची आणि वेल्डिंगची हत्यारे त्याला पुरतात. बुटाच्या टाचेला एक छिद्र ठेवले आहे. त्यातून टाच खाली टेकली आहे की नाही, हे आईला घरीच पाहता येते. याच स्वरूपाचे बूट आज भारतातही मोठ्या प्रमाणावर वापरले जातात. युगांडा आणि मलावी या देशांत तर डॉक्टर नसलेल्या प्रशिक्षित आरोग्य कर्मचाऱ्यांनी ही प्लास्टरे घातली आणि ती यशस्वी झाली.

इथे एक खुलासा करायला हवा. दुकानातला प्रत्येक 'ऑर्थोपेडिक' बूट औषध नसतो. मुलाचा तळवा सपाट दिसला की त्याला महागडे बूट घेऊन देणारे पालक आपण पाहतो. १९८९ मध्ये वेंगर आणि सहकाऱ्यांनी अशा लहान मुलांचे गट करून काहींना खास बूट व आधार दिले, काहींना साधे. तीन वर्षांनी सगळ्याच गटांच्या कमानी सुधारल्या होत्या, खास बुटांच्या गटाला वेगळा फायदा झाला नव्हता. वाढत्या वयात कमान आपोआप तयार होते. १९९२ मध्ये कर्नाटकातल्या राव आणि जोसेफ यांनी २३०० मुलांच्या पावलांचे ठसे तपासले. बूट वापरणाऱ्यांत ८.६ टक्के, तर अनवाणी मुलांत २.८ टक्के तळवे सपाट निघाले. म्हणजे एका पावलाला जो बूट आवश्यक, तो दुसऱ्याला निरुपयोगी असू शकतो. कोणता बूट कशासाठी, हे मोजून पाहावे लागते.

शाळेच्या दारात

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघर येथे झाली. पालघर तेव्हा ठाणे जिल्ह्यात होते. जन्मजात दोषांच्या ज्या यादीसाठी हा कार्यक्रम आहे, तिच्यात क्लबफूट आहे. फिरती पथके अंगणवाडीत वर्षातून दोनदा आणि सरकारी शाळेत एकदा मुलांची तपासणी करतात आणि पुढच्या उपचारांसाठी पाठवतात. अशा पथकाला मूल दाखवणे, त्या दिवशी ते गैरहजर राहणार नाही हे पाहणे, हे शिक्षकाला सहज जमते. मूल पहिलीत गेले म्हणून वेळ संपली असेही नाही. चालू लागलेल्या आणि शाळेत जाणाऱ्या मुलांवरही प्लास्टरची पद्धत उपयोगी पडते, असा अनेक देशांतला अनुभव आहे. प्लास्टरे जास्त लागतात आणि कधी शस्त्रक्रियेची जोड द्यावी लागते. त्याच वस्तीत नुकतेच जन्मलेले असे बाळ असेल, तर मात्र एक आठवडाही दवडू नये.

आणि शस्त्रक्रियागृहात जे होते त्यापेक्षा पुढची चार वर्षे रात्री घरात जे होते, त्यावर पाऊल जास्त अवलंबून आहे. तिथे डॉक्टर नसतो. धाकट्या भावाला दांडीचे बूट असतील, तर मोठी बहीण आपल्या वर्गात बसलेली असते. तिला जात्याचा खुंटा आणि बुटाची दांडी समजली, तर ती घरी जाऊन आजीला सांगेल.

त्या बाईंचे मध्यंतरी पत्र आले. पथकाने मुलाला जिल्हा रुग्णालयात पाठवले आणि तिसरे प्लास्टर झाले आहे. पाऊल किती सुधारेल हे डॉक्टरांनी अजून सांगितलेले नाही. वर्गातली मुले त्याचे दप्तर आळीपाळीने उचलतात. बाईंनी विज्ञानाच्या तासाला जुळ्यांचे आकडे फळ्यावर मांडले आणि पालकसभेतही ते सांगितले. त्या दिवशी मुलाची आई पहिल्यांदा बोलली. प्लास्टर निघाल्यावर बूट किती दिवस घालायचे, एवढेच तिने विचारले.